एका अक्षराची जागा

कॉलेजचं वार्तापत्र आमच्या घरी यायचं ते मेथीच्या जुडीबरोबर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सुमन, माझी सून, कॉलेजातून परत येताना मल्हारगंजच्या नाक्यावर भाजी घ्यायची आणि पिशवीत सगळ्यात वर ते पत्र ठेवायची, म्हणून त्याला नेहमी ओल्या मातीचा वास असायचा. चार पानं. पहिल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांचं भाषण, दुसऱ्यावर वादविवाद नि क्रिकेट, तिसऱ्यावर ‘बधाई’ आणि चौथ्यावर ‘शोक’. मी तिसरं आणि चौथं तेवढं वाचायची.

माझं शिक्षण मराठी तिसरी. पण माझे सासरे होळकर दरबारच्या दफ्तरात मायने लिहायला होते. कोणाला श्रीमंत, कोणाला राजमान्य राजेश्री, कोणाला नुसतं श्री, हे ते पानाला चुना लावता लावता सांगायचे आणि मी दाराआडून ऐकायची. आमच्या घरातून गेलेल्या एकाही पत्रिकेवर मायना चुकला नाही. चि., चि. सौ. कां., सौ., गं. भा., कै. जन्मापासून मरेपर्यंत माणूस एवढ्यातच असतं.

सुमन हसायची. “आई, तुम्ही नुसत्या टोप्या वाचता. खालचं माणूस वाचतच नाही.”

“टोपी चुकली की माणूस चुकतं,” मी म्हणायची. “तुझ्या इतिहासात नाही लिहिलेलं?”

ती कॉलेजात इतिहास शिकवायची. माझा मुलगा लक्ष्मीकांत महूला मिलिटरीच्या कचेरीत. सकाळच्या गाडीने जायचा, संध्याकाळी सहाच्या गाडीने यायचा. मूल नव्हतं. त्यावरून मी सुमनला पुष्कळ बोलले आहे. ते इथे लिहीत नाही.

मध्य प्रदेश झाला आणि वार्तापत्र हिंदीत निघायला लागलं. त्याचं मला काही नव्हतं. इंदुरात राहून हिंदीचा राग धरला तर भाजीसुद्धा मिळायची नाही. पण पहिल्याच अंकात तिसऱ्या पानावर सगळ्या बायकांच्या नावाआधी ‘श्रीमती’. हिंदीवाल्यांचं बरोबर होतं. त्यांच्यात नवरा असलेली ती श्रीमती. आमच्यात नवरा गेलेल्या बाईला श्रीमती लिहितात, नवरा असलेलीला सौ. माझा मुलगा समोर बसून दहीभात खातोय आणि उद्या सुमनचं नाव आलं तर त्याची बायको छापून विधवा!

मी टांगा केला आणि कॉलेजात गेले.

प्रिन्सिपॉल मोठे सज्जन. उठून उभे राहिले. “माताजी, श्रीमती तो आदर का शब्द है.”

“आपल्याकडे असेल,” मी म्हटलं. “आमच्याकडे त्या शब्दाला कुंकू नाही.”

शेजारी गजाननराव बसले होते. मराठीचे प्राध्यापक, वार्तापत्राचे संपादकही तेच. त्यांनी साहेबांना हळू आवाजात समजावलं. साहेब हसले आणि ठरलं. मजकूर हिंदी, पण मराठी माणसांच्या नावाआधी मराठी मायने. पुढच्या अंकापासून सौ. यायला लागलं. घरी सुमन म्हणाली, “स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, तुमच्या सासूबाईंना व्हाइस चान्सलर करा.” मला बरं वाटलं. खोटं का लिहू.

जोवर सगळ्यांनाच श्रीमती छापत होते, तोवर कोणाला काही झालं नव्हतं. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पुढच्या सालच्या ऑगस्टच्या अंकात बधाई होती भूगोलाच्या कमल बापट यांना. त्यांनी काढलेला माळव्याचा नकाशा भोपाळच्या प्रदर्शनात लागला होता. छापलं होतं, ‘श्रीमती कमल बापट’. वरच्या ओळीत दुसऱ्या एका बाईंना नीट सौ. होतं. मी सुमनला दाखवलं. ती म्हणाली, “कंपोझिटरची गलती, दुसरं काय.” कमलताईंनाही हसू आलं म्हणे. त्यांचे यजमान स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाले, “बघा, मी आहे अजून.”

बाराव्या दिवशी ते दाढी करताना आरशासमोर खाली बसले. तेवढंच.

माणसं मरतात. माझा नवरा सत्तेचाळीस साली असाच गेला, त्याच्या आधी कुठे काही छापून आलं नव्हतं. मी कमलताईंना भेटायला गेले, साखर-चहा पोचवला आणि परत आले. ते पत्र मात्र रद्दीत दिलं नाही.

फेब्रुवारीत चित्रकलेच्या इंदिरा काळे. त्यांच्या विद्यार्थ्यांना बक्षीस मिळालं म्हणून बधाई. ‘श्रीमती इंदिरा काळे’. या वेळी स्टाफरूममध्ये कोणी हसलं नाही. गजाननरावांनी चारशेच्या चारशे प्रती परत मागवल्या आणि शाईने दुरुस्त करून वाटल्या. आमच्या घरी आली त्या प्रतीतही श्रीमतीवर काट मारून वर निळ्या शाईत सौ. लिहिलेलं होतं. काळे बांधकाम खात्यात होते. नवव्या दिवशी धारच्या रस्त्यावर त्यांची जीप उलटली. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही.

मग मी छापखान्यात गेले.

छापखाना आमच्या गल्लीपासून चार दुकानं पलीकडे. दोन पायऱ्या उतरून खाली जायचं. रॉकेलचा आणि शाईचा वास, दिवसासुद्धा एक दिवा लावलेला. रघुवीर तिथे दरबारच्या काळापासून खिळे जुळवत होता. नजर अधू झाली होती, पण बोटं खणात बरोबर जायची. आम्ही दोघं एका वयाचे. तो मला बाईसाहेब म्हणायचा, मी त्याला रघुवीरजी.

“मला माहीत होतं तुम्ही येणार,” तो म्हणाला. त्याने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले कागद काढले. गजाननरावांच्या अक्षरातला मजकूर: सौ. इंदिरा काळे. पहिलं प्रूफ: सौ. दुसरं प्रूफ, त्यावर गजाननरावांची सही: सौ.

“मग छापताना कोणी बदललं?”

“मशीन मीच चालवतो. दुसरं कोण आहे इथे?” त्याने छापलेलं पान प्रूफाशेजारी ठेवलं. “और एक बात बताऊँ, बाईसाहेब? सौ. म्हणजे एक अक्षर नि एक टिंब. श्रीमती तीन अक्षरं. ती घालायची तर पुढची सगळी ओळ सरकवावी लागते, एखादा शब्द खाली उतरतो. इथे काही उतरलं नाही. ओळ जिथे संपायची तिथेच संपली. शिशाचे खिळे आहेत. ते आकसत नाहीत.”

मी दुसरं प्रूफ आणि छापलेलं पान एकावर एक ठेवून दिव्याकडे धरलं. तो म्हणत होता ते खरं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. देवपूजासुद्धा मी आमटीला फोडणी द्यावी तशी उरकते. मी घरी आले आणि गहू निवडायला बसले.

जुलैत सुमनला विद्यापीठाने इतिहासाच्या अभ्यास मंडळावर घेतलं. उज्जैनहून पत्र आलं. त्या मंडळावर बाई आजवर बसली नव्हती. कॉलेजने सत्कार ठरवला, शाल-श्रीफळ, आणि ऑगस्टच्या वार्तापत्रात तिसऱ्या पानावर अगदी वर चौकटीत नाव.

लक्ष्मीकांतने येताना महूच्या बेकरीचा केक आणला. दोघं नवरा-बायको पाटावर बसून चमच्याने केक खात होती. मी त्याच्याकडे बघत होते. कानामागे थोडे पांढरे झालेले केस, दाढीचा हिरवट रंग, घास गिळताना वरखाली होणारा गळा. एकच मुलगा.

“सुमन,” मी म्हटलं, “सत्कार घे. नाव छापू नको.”

तिने चमचा खाली ठेवला. “अकरा वर्षं शिकवतेय, आई. पहिल्यांदा नाव येतंय.”

“कमलचंही पहिल्यांदाच आलं होतं.”

“आई, तू पण ना,” लक्ष्मीकांत म्हणाला. “मी धडधाकट आहे. विहिरीत ढकललं तर पोहून येईन.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. ती हुशार होती. मला भीती वाटते आहे हे तिला समजलं, आणि हसायचं नाही हेही समजलं. म्हणाली, “मग असं करू या. नुसतं सुमन जामदार छापायला सांगते. सौ. नको, श्रीमती नको. बदलायला काही ठेवायचंच नाही. चालेल?”

त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, “मोलकरणीचं नाव छापतात तसं? आमच्या घराण्यात बोडकं नाव कधी छापलेलं नाही. सौ.च छापलं जाईल. मी उभी राहून छापून घेईन.”

एकतीस जुलैला सकाळी दहा वाजता मी छापखान्यात जाऊन बसले. रघुवीरने मला स्टूल दिलं. तिसरं पान त्याने माझ्यासमोर जुळवलं. खणातून ‘सौ’ काढला, मला उलटा धरून दाखवला, मग माझ्या तळहातावर ठेवला. गार होता, वजनाला तांदळाच्या चार दाण्यांएवढा. मी तो परत दिला. त्याने तो जागेवर बसवला, टिंब बसवलं, चौकट आवळली.

पहिला कागद निघाला. मी भिंग घेऊन वाकले.

सौ. सुमन लक्ष्मीकांत जामदार.

दुसरा. तिसरा. दहावा. सगळीकडे सौ. मी एकेक कागद बघत होते आणि रघुवीर पायाने मशीन हाणत होता. पन्नासाव्या कागदाला त्याने पाय थांबवला.

“बाईसाहेब, जरा बघा. ओळ थोडी आतून सुरू होते.”

मी पाहिलं. खालच्या ओळी चौकटीच्या काठाशी सुरू होत होत्या. सुमनच्या नावाची ओळ किंचित आत. सौ.च्या आधी थोडं पांढरं.

“मी काठाशी लावलं होतं,” तो म्हणाला. “बीचमें कोरा खिळा कुठून आला, माहीत नाही. जागा सुटलीय. सरकवून घेऊ का? पंधरा मिनिटं लागतील.”

“सौ. जागेवर आहे ना?”

“आहे.”

“मग राहू द्या.”

चारशे प्रती मी मोजून घेतल्या. चारशेही सौ. घरी येऊन मी शिरा केला.

सत्कार झाला. प्रिन्सिपॉलसाहेब माझ्याकडे बघून माइकवर म्हणाले, “सौभाग्यवती सुमनजी,” आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती शाल अजून आहे.

मी दिवस मोजत होते. नवव्या दिवशी लक्ष्मीकांतला मी ऑफिसला जाऊ दिलं नाही. बाराव्या दिवशी दाढी करू दिली नाही. तो चिडला, पण ऐकलं त्याने. तेरावा दिवस गेला. मी गणपतीला नारळ फोडला.

चौदाव्या दिवशी सुमन चार वाजता घरी आली. पिशवीत मेथी होती. म्हणाली, “आई, डोकं दुखतंय. चहा टाकता का?” आणि चपला काढायला पायरीवर बसली.

मी चहा घेऊन आले तेव्हा एक चप्पल काढलेली होती. दुसरी पायात होती.

लक्ष्मीकांत सहाच्या गाडीने आला. धडधाकट.

गल्लीतल्या बायका जमल्या. हिरवं लुगडं मीच नेसवलं. ओटी त्यांनी भरली, मळवट त्यांनी भरला. त्या एकमेकींना म्हणत होत्या, भाग्याची हो, अहेव गेली, सौभाग्य घेऊन गेली. कोणीतरी तिच्या कपाळाचं कुंकू बोटाने घेऊन आपल्या कपाळाला लावलं. मला रडू आलं नाही. पायात राहिलेली चप्पल मी काढली आणि पहिलीच्या शेजारी लावून ठेवली.

सप्टेंबरचं वार्तापत्र गजाननराव स्वतः घेऊन आले. चौथं पान. शोक. ‘कै. सौ. सुमन लक्ष्मीकांत जामदार’. मायना बरोबर होता. नवरा असताना गेलेल्या बाईला कै. सौ. लिहितात.

ते गेल्यावर मी ऑगस्टचा अंक काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. आगपेटीतली एक काडी घेतली, शोकातल्या ‘कै.’एवढी मोडली, आणि ऑगस्टच्या ओळीतल्या पांढऱ्या जागेवर ठेवली.

काडी बरोबर बसली.

लक्ष्मीकांत जेवायचा, ऑफिसला जायचा, यायचा. बोलायचा नाही. दीड वर्ष मी ते पाहिलं. मग मीच मुलगी शोधली. रमा, जवळच्या राऊ गावची, लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी. तो म्हणाला, “तुला करायचं ते कर, आई.” पत्रिका मी उज्जैनला छापून घेतल्या. काही झालं नाही.

रमा चांगली आहे. फार बोलते. चहात आलं जास्त घालते. मी काही टोचून बोलले तर म्हणते, “आज सकाळपासून तिसऱ्यांदा, आई. लिहून ठेवू का?” गेल्या पावसाळ्यात माझे गुडघे धरले तेव्हा तिने महिनाभर रोज तेल लावलं. लक्ष्मीकांत परवा तिच्या कुठल्याशा बोलण्यावर हसला. मी दोन वर्षांनी त्याचं हसणं ऐकलं.

याच महिन्यात कॉलेजने सुमनच्या नावाने सन्मान सुरू केला. दर साली एका शिक्षिकेला. पहिला कमलताईंना. गजाननराव घरी आले आणि म्हणाले, “मावशी, सन्मान तुमच्या घरच्या हातून द्यावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. तुमच्या नाही तर रमावहिनींच्या.”

“आईंनीच द्यावा,” रमा म्हणाली.

मला विधवा बाईने मंचावर उभं राहणं पसंत नाही. मी रमाचं नाव सांगितलं. मायना विचारून घेतला त्यांनी. मी सांगितला.

काल सकाळी दहाला छापखान्यात गेले. रघुवीरला आता एका डोळ्याने दिसत नाही. त्याने स्टूल दिलं. तिसरं पान जुळवून झालं होतं. त्याने एक कागद काढून माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

‘सौ. रमा लक्ष्मीकांत जामदार के करकमलों द्वारा’.

सौ.च्या आधी थोडं पांढरं. मी पदराला बांधलेली तीच काडी सोडली.

वर रस्त्यावरून कोणीतरी पोहे-जिलेबी ओरडत गेलं. काडी ठेवायची गरज नव्हती, तरी मी ठेवली.

“बाईसाहेब,” रघुवीर म्हणाला, “मी तीनदा काठाशी लावलं. तुम्ही म्हणाल तर नुसतं रमा जामदार ठेवतो. किंवा जागा भरून टाकतो.”

भरली तर तिथे काय येईल हे मला माहीत नव्हतं. सौ. काढलं तर त्याच्या जागी काय येईल तेही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की हे असं असलं की सहाच्या गाडीने लक्ष्मीकांत घरी येतो.

भिंग मी पुसून पिशवीत ठेवलं.

“सौ. जागेवर आहे ना?” मी विचारलं.

“आहे.”

“मग राहू द्या.”

तो मशीनकडे वळला. मशीन सुरू झालं. मी स्टुलावर बसून चारशे मोजले, आणि येताना नाक्यावर थांबून रमासाठी आलं घेतलं.